तीन म्हातारे सडेफटिंग, दोन पोरं आणि पडलेला सेकंड हाफ

तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. साताऱ्यातल्या जुन्या वाड्यात तीन भाऊ राहतात, ६८, ६४ आणि ५९ वर्षांचे, तिघंही बिनलग्नाचे. थोरले जिल्हा परिषदेतून रिटायर्ड क्लार्क, मधले एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर्ड मेकॅनिक, धाकटे घरी तबल्याचे क्लास घेतात. भाची आणि तिचा नवरा अपघातात जातात, आणि त्यांची ९ वर्षांची मुलगी नि ४ वर्षांचा मुलगा या तिघांच्या गळ्यात येऊन पडतात. कौटुंबिक विनोदी सिनेमा करायचाय. पहिली चाळीस पानं सगळ्यांना आवडली, पण पुढे गाडी थंड पडते, आणि प्रोड्यूसर म्हणाला की गॅग्ज संपले की पिक्चर संपतोय. म्हणून तुम्ही विचारताय की सेकंड हाफला अजून काय धमाल घालता येईल, आणि पोरांऐवजी तान्हं बाळ केलं तर जास्त हसू येईल का.

मी पटकथा-संवाद लिहितो आणि लहान मुलांचे सीन असले की सेटवर त्यांच्या बाजूने उभा राहतो, बरीच वर्षं हेच करतोय, म्हणून सरळ सांगतो. अजून प्रसंग घालून हे सुटणार नाही, चांगले सुचले तरी नाही सुटणार. तुम्ही साठीच्या माणसांना तिशीतल्या माणसांची गोष्ट दिलीय, खरी गडबड तिथे आहे.

जरा मागे जाऊन बघा. पुरुषांच्या हातात अचानक बाळ येतं हा साचा जगभर चाललाय. १९८५ मध्ये कोलिन सेरोचा फ्रेंच सिनेमा आला, त्याला तिकडचा सेझार पुरस्कार मिळाला, मग हॉलिवूडने १९८७ मध्ये तोच 'थ्री मेन अँड अ बेबी' म्हणून केला आणि त्या वर्षी अमेरिकेत तिकीटबारीवर तो सगळ्यात पुढे राहिला. आपल्याकडे १९८९ मध्ये 'बाळाचे बाप ब्रह्मचारी' आला, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे, नावातच सगळी गोष्ट. पुढे २००७ मध्ये हिंदीत 'हे बेबी'. या सगळ्यांत पुरुष ऐन उमेदीतले आहेत. मुली फिरवायच्या, रात्री उशिरा घरी यायचं, कुणाला जाब द्यायचा नाही, असं त्यांचं आयुष्य आहे आणि बाळ येऊन त्याचा सत्यानाश करतं. प्रेक्षक बघत असतो की हा टवाळ माणूस जबाबदार होतोय का. तो झाला की गोष्ट संपली.

तुमचे तिघं टवाळ नाहीत ना. ६८ वर्षांच्या माणसाने कसली मोठी व्हायची राहिलीय? ही माणसं चाळीस वर्षं स्वतःचं स्वतः करून खातायत, स्वतःचे कपडे धुतायत, लाईटबिल तारखेच्या आधी भरतायत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या पुरुषांच्या घरात जाऊन बघा कधी, मी स्क्रिप्टच्या निमित्ताने बरंच बसलोय अशा घरांत, सगळी नाही पण पुष्कळशी घरं लख्ख असतात. डब्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या, औषधं वारानुसार, चहाचं आधण किती वाजता ते ठरलेलं. म्हणजे तुम्ही पान १८ वर जो सीन लिहिलाय, तिघांना कुकर लावता येत नाही आणि झाकण उडतं, तो या माणसांचा सीनच नाहीये, तो कॉलेजच्या पोरांचा सीन आहे. हसू येईल पण त्या हशामुळे पुढे काहीच उभं राहत नाही, कारण प्रेक्षकाला आत कुठेतरी कळतं की हे खोटं आहे. आणि पुरुषाने लंगोट बदलला की थिएटर हसायचं तो काळही गेला, आज मॉलमधल्या बाथरूममध्ये बाप डायपर बदलताना दिसतात आणि कुणी वळून बघत नाही.

मग यांचा विनोद कुठून येईल? तर यांना जे येतं त्यातून. प्रत्येकजण आपापल्या धंद्यातला पक्का आहे, आणि पोरांशी वागताना तोच धंदा वापरणार. मधल्यांचं उदाहरण घ्या. मुलीच्या दोन वेण्या घालायच्यात, रिबिनी लावून. एसटी वर्कशॉपमधला माणूस काय करेल, आधी केस नीट बघेल, गुंता कुठे आहे ते बोटांनी चाचपेल, तीन पेड सारख्या जाडीचे करेल, तोंडात रिबीन धरेल आणि वायर वळल्यासारखी अशी घट्ट वेणी घालेल की मुलीच्या भुवया वर चढतील. शाळेत खेळून, मारामारी करून, पावसात भिजून ती घरी येते तरी एक केस सुटलेला नाही. दुसऱ्या दिवशी तीच वेणी शाबूत, सोडायला तासभर. आणि तिसऱ्या दिवशी वर्गातल्या आणखी एका मुलीची आई विचारायला येते की कुणी घातली हो वेणी. इथे मधले मूर्ख ठरत नाहीत, उलट त्यांचा थोडा भाव वाढतो, आणि मुलीलाही कळतं की या माणसाच्या हाताला काहीतरी येतं. असा सीन तुम्हाला पुढे तीन वेळा कामाला येतो: सैल वेणी म्हणजे मधले आजारी आहेत, वेणीच नको म्हणणारी मुलगी म्हणजे भांडण झालंय, वगैरे. कुकरच्या झाकणातून असलं काही निघत नाही.

थोरल्यांचं तेच. हिशेब खात्यातला माणूस, तो पोरांना प्रेमाने जवळ घेणार नाही, तो वेळापत्रक करणार. उठणे, दात, बंब पेटवणे, आंघोळ, नाश्ता, सगळं रुळाच्या रेघा मारून, ९.३० ला दिवे बंद.

एक छोटी गोष्ट इथेच सांगून टाकतो नाहीतर राहील. तुमच्या स्क्रिप्टमध्ये चौथीतली मुलगी सकाळी ७ च्या शाळेला धावते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढलाय की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवायचे नाहीत. तुम्हाला पहाटेची धावपळ हवीच असेल तर तिला दहा वर्षांची करा आणि पाचवीत घाला. शिक्षक प्रेक्षकांत भरपूर असतात, त्यांना हे लगेच खटकतं.

आता मोठा मुद्दा, आईबाप मरणं. तुम्ही पान ६ वर फोन वाजवून दोघांना मारता आणि पान १२ पासून पोरं धुमाकूळ घालायला लागतात. माझ्या मते सेकंड हाफ पडण्याचं हे दुसरं कारण, आणि खरंतर मोठं. आईबाप गेलेलं नऊ वर्षांचं पोर असं वागत नाही. तुम्ही त्यांचं दुःख बाजूला ठेवलंय कारण विनोदी सिनेमा आहे, पण प्रेक्षक ते बाजूला ठेवत नाही, तो वाट बघत राहतो की ही मुलगी कधी रडणार, आणि ती रडतच नाही, मग त्याचा पिक्चरवरचा विश्वास उडतो. मृत्यू ठेवून विनोदी करता येतं, अगदी येतं, पण मग विनोदाची जातच वेगळी लागते आणि पहिली चाळीस पानं पुन्हा लिहावी लागतील. ती तुमची तयारी आहे का हे तुम्हीच ठरवा.

तयारी नसेल तर मी सुचवेन की आई जिवंत ठेवा आणि लांब पाठवा. नवरा आधीच नाही, गेला किंवा सोडून गेला, कसंही. भाची नर्स आहे. सध्या आपल्याकडून नर्सेस जर्मनीला जातायत, महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केलाय, बी टू लेव्हलचं जर्मन शिकण्याचे क्लास गावोगाव दिसतात. ती पुढे जाणार, नोकरी पक्की होणार, घर बघणार, मग पोरांचा व्हिसा. म्हणजे पोरं मामांकडे ठेवायची ती ठराविक काळासाठी, किती ते नक्की कुणालाच माहीत नाही. यात तुम्हाला फुकटात तीन गोष्टी मिळतात. पोरांना आई आठवते पण आई आहे, त्यामुळे हसणं आणि रडणं शेजारी शेजारी राहू शकतं. घड्याळ मिळतं, म्हणजे मुदतीचा ताण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेकंड हाफमधला धोका मिळतो: व्हिसा आला की पोरं जाणार.

हा धोका साठीच्या माणसासाठी काय असतो ते बघा. हिशेब सोपा आहे. मुलगा ४ वर्षांचा. तो १८ चा होईल तेव्हा थोरले ८२ चे, मधले ७८ चे, धाकटे ७३ चे. म्हणजे पोरं एकदा तिकडे गेली की थोरल्यांच्या वाट्याला हा मुलगा किती येणार? तिशीतल्या बापाला हा हिशेब करावा लागत नाही. तुमच्या गोष्टीत वय आहे ते गुडघे दुखण्यासाठी आणि मोबाईल वापरता न येण्यासाठी, वयाचा एवढाच उपयोग तुम्ही केलाय. पण तुमची अख्खी गोष्टच वय आहे! या माणसांनी मूलबाळ हे दार कधीच लावून घेतलं होतं, त्याची सवय करून घेतली होती, आणि आता ते उघडलंय अशा वेळी की जास्त दिवस उघडं राहणार नाही. थोरले हिशेब खात्यातले आहेत, ते हा हिशेब करणारच, आणि कुणाला सांगणार नाहीत. ते फक्त अचानक सकाळी चालायला जायला लागतील, साखर बंद करतील, डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी सांगितलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतील. बाकीचे दोघं थट्टा करतील की म्हातारा लग्नाला उभा राहिलाय. प्रेक्षकाला कारण हळूहळू कळू द्या, तोंडाने बोलून दाखवू नका.

एक सीन लिहूनच दाखवतो म्हणजे मी काय म्हणतोय ते स्पष्ट होईल. जर्मनी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. आईची दुपारची शिफ्ट रात्री ९ ला सुटते, उन्हाळा धरला तर आपल्याकडे साडेबारा वाजलेले. घरात ९.३० ला दिवे बंद. वाड्याच्या जाड भिंतींमुळे आत रेंज येत नाही, फक्त ओसरीच्या एका खांबापाशी येते. थोरले रात्री बाथरूमला उठतात, ओसरीवर उजेड दिसतो, चोर समजून कंदिलाच्या खुंटीवरची काठी घेतात, आणि बघतात तर मुलगी खांबाला टेकून गोधडीत फोन धरून बसलीय, पलीकडे आई जेवतेय, दोघी फारसं बोलत पण नाहीयेत. मुलगी यांना बघून फोन पालथा टाकते आणि म्हणते, सॉरी, उद्यापासून नाही करणार. थोरले काही न बोलता आत जातात. आता दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे खाली येतात तर भिंतीवर नवीन वेळापत्रक, त्याच रुळाच्या रेघा, तेच अक्षर, आणि शेवटची ओळ: '१२.३० ते १२.५० — फोन. स्थळ: ओसरी. पांघरूण नेणे.' त्याखाली, 'दुपारी झोप — सक्तीची.' मधले वाचतात आणि विचारतात, सक्तीची कुणाला? थोरले म्हणतात, सगळ्यांना. आणि दुपारी अख्खा वाडा सक्तीने झोपलाय, तबल्याचे विद्यार्थी बाहेर कट्ट्यावर ताटकळतायत.

या सीनमध्ये एकही माणूस पडत नाही, काही फुटत नाही, कुणी प्रेमाचं बोलत नाही. तरी हसू येतं आणि थोरल्यांबद्दल सगळं कळतं. सेकंड हाफला असे चारपाच सीन असले की गॅग्जची गरजच राहत नाही. आणि मुलीलाही यात काहीतरी हवं आहे हे बघा. तुमच्या स्क्रिप्टमध्ये पोरांना काहीच नकोय, ती फक्त गोंधळ घालण्यासाठी आहेत. मुलीला आई हवी आहे, आणि मुलाला, चार वर्षांच्या, आई हळूहळू विसरायला होतेय, तो फोनवर यायला कंटाळतो. बहिणीला ते सहन होत नाही. हे भांडण लिहा, दोन पोरांमधलं, यात मोठ्यांची काही चूक नाही आणि त्यांना काही करताही येत नाही.

पुढचा प्रश्न, तिघांची लग्नं का नाही झाली. तुम्ही लिहिलंय की तरुणपणी मारुतीसमोर शपथ घेतली होती. ते काढून टाका, ते फक्त ट्रेलरमध्ये चालतं. आपल्याकडे असं घर बघितलेलं नाही असा माणूस विरळा, आणि कारणं काय असतात हे सगळ्यांना माहीत आहे. बहिणीच्या लग्नाचं कर्ज फिटेपर्यंत थांबू म्हणाले आणि वय निघून गेलं. वडील अंथरुणाला खिळले. किंवा मोठ्याचं झाल्याशिवाय धाकट्याचं कसं करायचं. हे शेवटचं तुमच्यासाठी सोनं आहे. थोरल्यांनी दोन स्थळं नाकारली, मग तिसऱ्याने त्यांना नाकारलं, मधले थांबले, मधल्यांमुळे धाकटे थांबले, आणि धाकट्यांचं कुणीतरी होतं. चाळीस वर्षं एका घरात राहून तिघं या विषयावर अवाक्षर बोललेले नाहीत. आणि एके दिवशी पंगतीत चार वर्षांचं पोर विचारतं, तुमची बायको कुठाय? मग थोरल्यांना विचारतं, मग मधल्यांना. धाकटे ताटावरून उठतात. इंटरव्हलनंतर कुठे जायचं हा तुमचा प्रश्न इथेच सुटतो, कारण आता गोष्ट पोरं सांभाळण्यापुरती राहिली नाही, तीन भावांची झाली. पोरांनी फक्त झाकण काढलं.

इथपर्यंतचं एकदा गोळा करून सांगतो कारण पुढे कायद्याचं आणि शूटिंगचं बोलायचंय. माणसं हुशार ठेवा, आपापल्या कामातली पक्की. आई जिवंत ठेवा, लांब ठेवा. वयाला गोष्टीच्या मध्यभागी आणा. पोरांना स्वतःचं काहीतरी हवं असू द्या. आणि लग्न न होण्याचं कारण खरं ठेवा, तेच सेकंड हाफचं इंजिन.

आता तान्ह्या बाळाचं. दारात टोपली सापडते आणि तिघं बाळ ठेवून घेतात, हे १९८९ ला चालून गेलं, आज प्रेक्षकच विचारतो की पोलिसांत का नाही गेले. आणि बरोबर विचारतो. बाल न्याय कायदा, २०१५ चा, त्यानुसार सोडून दिलेलं मूल सापडलं तर २४ तासांच्या आत १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला, पोलिसांना किंवा बालकल्याण समितीला कळवावं लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. ठेवून घेऊन दत्तक घेऊ म्हणाल तर या कायद्याने एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेताच येत नाही, आणि मुलगा घ्यायचा तर एकट्या पालकाला वयाची मर्यादा आहे, दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ४०, अगदी मोठ्या मुलासाठीसुद्धा ५५ च्या पुढे नाही. तुमचे तिघंही बाद. नातेवाईकांना वयाची अट लागत नाही, पण कायद्याच्या यादीत काका, आत्या, मामा, मावशी आणि आजी-आजोबा एवढेच आहेत. आईचा मामा त्यात बसत नाही! म्हणजे भाचीच्या पोरांना चाळीस वर्षांच्या मायेने वाढवायला निघालेली ही माणसं दत्तकाच्या कागदावर परकी आहेत. तुम्हाला आईबाप मारायचेच असतील तर हा सगळा तिढा स्क्रिप्टमध्ये आणावा लागेल, कोर्टाकडून पालकत्व वगैरे, आणि त्यासाठी लिहिण्याआधी एखाद्या कौटुंबिक न्यायालयातल्या वकिलाबरोबर बसा, मी सांगतोय तेवढ्यावर जाऊ नका.

बाळ सापडलं आणि तरी लगेच कळवलं नाही, हे पटवायचंच असेल तर कारण माणसाच्या आतून यायला हवं. सातोशी कोनचा २००३ चा जपानी ॲनिमेशनपट आहे, 'टोकियो गॉडफादर्स', तीन बेघर माणसांना ख्रिसमसच्या रात्री कचऱ्यात बाळ सापडतं. त्यातली हाना बाळ पोलिसांना द्यायला तयार नाही, कारण तिला स्वतःला लहानपणी टाकलेलं आहे आणि तिला त्या आईला शोधून विचारायचंय की का टाकलंस. एवढं कारण असलं की प्रेक्षक गप्प बसतो. तुमच्या तिघांकडे असं कारण मला दिसत नाही, म्हणून बाळ नको.

आई जिवंत आहे या मांडणीत कायद्याचा जाच कमी, पण कागदाची गंमत आणि त्रास राहतोच, तो वापरा. शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही कुणाची. मुलगा झोपाळ्यावरून पडून हनुवटीला टाके घालायचेत आणि दवाखान्यात विचारतात तुम्ही कोण, तर तीन म्हातारे तीन वेगवेगळी नाती सांगतात. थोरले जिल्हा परिषदेत चाळीस वर्षं लोकांना कागद आणायला लावत होते, आता त्यांना कागद आणायला लावलं जातंय. हे लिहिताना त्यांची फजिती करू नका फक्त, त्यांना नियम माहीत आहेत आणि समोरचा बरोबर आहे हेही कळतंय, तरी पोराच्या हनुवटीतून रक्त येतंय, असा सीन लिहा.

शूटिंगचं मात्र तुम्ही विचारलेलं नाही पण लिहितानाच माहीत असावं, कारण पानावर पोरं किती आहेत त्यावर शेड्यूल ठरतं. बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे सुधारित नियम आहेत. जिथे शूटिंग आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, म्हणजे तुम्हाला साताऱ्याची. मुलाला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि सलग ३ तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही. सलग २७ दिवसांहून जास्त नाही. दर पाच मुलांमागे त्यांची काळजी घेणारा एक जबाबदार माणूस नेमायचा. मुलाच्या मानधनातले निदान २० टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातात आणि तो सज्ञान झाल्यावर मिळतात. हे अडथळे वाटू देऊ नका, आपण दुसऱ्याचं मूल उन्हातान्हात उभं करतोय, एवढं तर झालंच पाहिजे.

याचा लिहिण्यावर परिणाम असा: तुमच्या स्क्रिप्टमध्ये मुलगा जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये आहे. पाच तासांत जेवण, झोप, रुसवा जाऊन हाताशी खरं काम किती उरतं ते विचारात घ्या. त्याला निम्म्या सीनमधून काढा, आवाज पलीकडच्या खोलीतून येऊ द्या, त्याने केलेला पराक्रम आपल्याला नंतर थोरल्यांच्या चेहऱ्यावर कळू द्या. तसंही विनोद प्रतिक्रियेत जास्त असतो. सेटवर आम्ही मुलाचे शॉट सकाळी आधी उरकतो, तो घरी गेला की म्हाताऱ्यांचे क्लोजअप, नजर कुठे ठेवायची त्यासाठी त्याच्या उंचीवर असिस्टंट बसवायचा. झोपेचा सीन असेल तर जेवणानंतर लावायचा, कॅमेरा लांब, आणि तो खराच झोपतो. चार वर्षांच्या मुलाला पाठ केलेले डायलॉग देऊ नका, पोपटासारखं बोलतो आणि सगळं मरतं. त्याला सीनमध्ये काम द्या, डब्यातून शेंगदाणे काढायचे आणि थोरल्यांना सापडायचं नाही, बस. मोठे नट आपापलं बोलत राहतात, तो शेंगदाणे काढत राहतो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर आणखी अवघड, १९८७ च्या त्या हॉलिवूडपटातही एका बाळासाठी जुळ्या मुली घेतल्या होत्या, कारण एक झोपली किंवा रडली तर दुसरी. तुमच्या बजेटमध्ये हे झेपणार नाही असं मला वाटतं.

आणि वाड्यात सिंक साऊंड करणार असाल, म्हणजे आवाज शूटिंगच्या वेळीच टिपणार असाल, तर पावसाळा नको. मागच्या पडवीवर पत्रे असतातच, एक सर आली की तासभर काम बंद, आणि मुलाचे पाच तास तर चालूच असतात.

तुमच्या स्क्रिप्टमधली शेजारची काकू, तिच्याबद्दलही बोलायला हवं. दर वेळी पोराला ताप आला, डबा जळला, की ही येऊन सगळं निस्तरते. तिला काढा किंवा तिला नाही म्हणू द्या. ती म्हणेल, माझ्या तीन पोरांच्या वेळी तुमच्यातला एकतरी विचारायला आला होता का? ही बाई खरी वाटेल आणि नटीलाही काम करायला मजा येईल. धाकट्यांचं तिच्याशी जुळवून देऊन शेवट करायचा मोह प्रोड्यूसरला होणार, मी तरी भांडेन त्यावर. बिनलग्नाचा माणूस म्हणजे काहीतरी अर्धवट राहिलेलं, आणि पिक्चरने ते पूर्ण करायचं, हे मला पटत नाही. धाकट्यांचं जे कुणीतरी होतं ते आता नातवंडांत रमलेलं असू दे, राजवाड्यापाशी कधीतरी भेट होऊ दे, दोन वाक्यं बोलून दोघं आपापल्या वाटेने गेले तर जास्त चांगलं.

शेवट काय करायचा हे तुमच्यावर आहे आणि कास्टिंगवरही आहे, कारण पन्नाशीतले नट केस पांढरे करून घेणार असाल तर वयाचा हिशेब पडद्यावर पटणार नाही आणि मी वर सांगितलेलं निम्मं बाद होईल. खरे सत्तरीला टेकलेले नट घ्या, त्यांच्या चालण्यात ते असतं. फक्त पोरं विमानात बसायच्या आत कुणीतरी धावत जाऊन अडवतंय, हे करू नका. पोरं आईकडे गेलीच पाहिजेत, ती त्यांची आई आहे. मला विचाराल तर व्हिसा येतो, पोरं जातात, आणि थोरले वेळापत्रक पुन्हा लिहायला बसतात, कारण आता फोनची वेळ बदलणार, पोरांची तिकडची शाळा सुटल्यावर. मधले म्हणतात पासपोर्टचा फॉर्म ऑनलाईन भरायचा असतो म्हणे. थोरले विचारतात, किती लागतात. मधले म्हणतात, मी तिघांचे धरूनच बघितलंय.

पुढचा ड्राफ्ट लिहाल तेव्हा आधी फक्त तीन भावांची, पोरं यायच्या आधीची एक सकाळ लिहून बघा, चारपाच पानं, एकही विनोद न घालता. कोण आधी उठतो, पेपर आधी कुणाच्या हातात, बंब कोण पेटवतो, कोण कुणाशी थेट बोलत नाही. ती पाठवलीत तर वाचून सांगेन.